थ्रीडीत खोली एवढी मोठी का दिसते? | लेन्स, फरशी आणि ऊन

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आलाय. आता तर लोक एआयनं काढलेलं चित्र पाठवून विचारायलेत, "आमची बेडरूम १० बाय ११ आहे, हे असं होईल का?" उदगीर, सेलू, अंबाजोगाई, गाव कोणतंही असो, खोली तेवढीच आणि चित्रातला पलंग मात्र मैदानात ठेवल्यासारखा. म्हणून आज थ्रीडी, म्हणजे काम व्हायच्या आधी खोली कशी दिसेल ते कॉम्प्युटरवर मापात काढलेलं चित्र, काढायचं कसं आणि दुसऱ्यानं काढलेलं तपासायचं कसं, दोन्ही एकत्र घेऊ. उदाहरण ब्लेंडरमधलं आहे, कारण ते फुकट आहे. पण आकडे कुठल्याही सॉफ्टवेअरला तेच.

सुरुवातीचं भराभर सांगतो. माप प्लास्टर झाल्यावर घ्यायचं, नकाशावरून नाही. बाहेरची भिंत ९ इंच, आतली ४ इंच, स्लॅब १० फूट, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी पट्टी) ७ फूट, खिडकीची सिल (खालची कड) ३ फूट, असं असेल तर तसं. नसेल तर जागेवर जे आहे ते. कॉलम कोपऱ्यातून बाहेर आलाय का, बीम किती खाली उतरलाय, ही दोन मापं विसरू नका. एआयच्या चित्रात आधी गायब होतं ते हेच. ब्लेंडरमध्ये युनिट इम्पिरियल करा, भिंती उभ्या करा, दारं-खिडक्या कापा. हे तुम्हाला येतं, पुढे चला.

आता कॅमेरा. इथं थांबा, कारण निम्म्याहून जास्त घोळ इथंच होतो.

(स्क्रीनवर: एकच खोली, तीन लेन्स, शेजारी शेजारी)

ब्लेंडरचा कॅमेरा उघडला की सेन्सर ३६ एमएम रुंद असतो आणि लेन्स ५० एमएम. ५० मध्ये बेडरूमचा एक कोपराच दिसतो, म्हणून माणूस आकडा कमी करत जातो. ३५, २४, १८, आणि शेवटी १४ वर थांबतो, कारण तिथं सगळं दिसतं. सगळं दिसतं खरं, पण कशाच्या बदल्यात? हिशोब सोपा आहे. कॅमेरा आणि समोरची भिंत यांच्यातल्या अंतराला ३६ नं गुणायचं आणि लेन्सच्या आकड्यानं भागायचं. समोर किती फूट रुंदी चित्रात मावते, ते कळतं. आपली खोली ११ फूट खोल. कॅमेरा मागच्या भिंतीला टेकवून १४ ची लेन्स लावली तर ११ गुणिले ३६ भागिले १४, म्हणजे २८ फूट. समोरची भिंत १० फुटांचीच आहे, म्हणून ती चित्राच्या रुंदीत जेमतेम एक तृतीयांश उरते. डोळ्याला वाटतं, भिंत फार लांब आहे. तीच खोली २८ च्या लेन्सनं बघा: १४ फूट रुंदी मावते, भिंत चित्राचा ७० टक्के भाग घेते. आता खोली जेवढी आहे तेवढी वाटते.

खोलीच्या थ्रीडीसाठी लेन्स २४ ते ३० च्या आत ठेवा. हॉल मोठा असेल तर ३५ पण चालेल. २० च्या खाली जाऊ नका.

मग लगेच कमेंट येते, "सर, २८ लावली तर वॉर्डरोब कापला जातो." बरोबर आहे. त्यावर उपाय लेन्स कमी करणं नाही, कॅमेरा मागे नेणं आहे. भिंतीच्या पलीकडे न्यायचा. मागची भिंत आड येते म्हणून बरेच जण ती भिंतच डिलीट करतात. ते करू नका. भिंत काढली की त्या मोकळ्या बाजूनं आकाशाचा उजेड आत शिरतो आणि ज्या खोलीला एकच खिडकी आहे ती चारी बाजूंनी उजळते. भिंत जागेवर राहू द्या आणि कॅमेरा प्रॉपर्टीजमध्ये क्लिप स्टार्ट वाढवा, म्हणजे तेवढ्या अंतराच्या अलीकडचं कॅमेरा दाखवत नाही. कॅमेरा भिंतीबाहेर ३ फुटांवर असेल आणि भिंत ९ इंची असेल, तर क्लिप स्टार्ट ४ फूट. कॅमेऱ्याला भिंत दिसत नाही, पण उजेडासाठी ती जागेवरच असते. मागच्या भिंतीला लागून कपाट असेल तर ते अर्धं कापलेलं दिसेल. त्या कपाटाच्या ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमध्ये व्हिजिबिलिटी, मग रे व्हिजिबिलिटी, तिथला कॅमेऱ्याचा टिक काढा. सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या उजेड मोजून चित्र काढणाऱ्या इंजिनात, हे चालतं, आणि समोर आरसा असला तर कपाट त्यात बरोबर दिसतं.

कॅमेऱ्याची उंची साडेतीन ते साडेचार फूट. आणि कॅमेरा खाली किंवा वर झुकवायचा नाही, नाहीतर भिंतींच्या उभ्या कडा तिरक्या होतात. फरशी जास्त दाखवायची असेल तर कॅमेरा सरळच ठेवून शिफ्टचा वायचा आकडा किंचित उणे करा. स्केचअपवाल्यांनी टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह चालू करायचं, तेच काम होतं.

आता हीच गोष्ट बघणाऱ्याच्या बाजूनं. तुम्हाला कोणी थ्रीडी पाठवलंय, लेन्स किती लावली ते माहीत नाही, कसं ओळखायचं? चित्राच्या कडेला एखादा गोल दिवा किंवा मडकं ठेवलेलं असेल तर ते बघा. गोल वस्तू अंड्यासारखी लांबट ओढली गेली असेल तर लेन्स फार रुंद आहे. मग समोरची भिंत चित्राच्या किती भागात आहे ते बोटानं मोजा. आणि तिसरी गोष्ट, जी आम्ही प्रत्येक थ्रीडीत सगळ्यात आधी बघतो: फरश्या मोजा.

दोन बाय दोन फुटांची फरशी, म्हणजे ६०० एमएम. १० फुटांच्या भिंतीला अशा ५ फरश्या बसतात आणि वर दोनेक इंचाची पट्टी कापावी लागते. थ्रीडीत त्या भिंतीला ८ फरश्या दिसत असतील, तर एक तर खोली मापात काढलेली नाही, नाहीतर फरशीचं टेक्स्चर लहान करून चिकटवलंय. दोन्हीत तुमची फसगत आहे. फरशी लहान झाली की खोली मोठी भासते, सोफा ऐसपैस वाटतो. पलंगाची रुंदी पण फरशीवरच मोजा. किंग साइज गादी ७२ इंच, म्हणजे तीन फरश्या. चित्रात पलंग दोनच फरश्यांत मावतोय? मग तो पलंग बाजारात मिळणार नाही. शहाबादी असेल तर हे जमत नाही, कारण तिची मापं बदलतात. मग दार धरा, दार ७ फूट.

तिसरी बाजू सुताराची, आणि खरा खर्च तिथं होतो. घरमालक चित्र पसंत करतो, सुतार चित्र बघून कोटेशन देतो. आपल्या १० बाय ११ मध्ये किंग बेड आणि समोर वॉर्डरोब दाखवलाय, चित्रात मध्ये भरपूर जागा. मोजा. ११ फूट म्हणजे १३२ इंच. वॉर्डरोब भिंतीपासून २४ इंच पुढे येतो, ते गेले. पलंग हेडबोर्डसकट ८१ इंच गेला. उरले २७ इंच. वॉर्डरोबचं दार १८ इंचाचं असेल तर ते उघडल्यावर पलंगापर्यंत ९ इंच राहतात. त्या ९ इंचात उभं राहून साडी काढून बघा. इथं स्लायडिंग करावं लागतं, पण तो वॉर्डरोब २६ इंच पुढे येतो, आणखी २ इंच गेले. किंवा क्वीन घ्या. त्यानं लांबी तीच राहते, पण पलंगाच्या दोन्ही बाजूंना चालायला जागा होते. हे सगळं २८ च्या लेन्समध्ये बघताच कळतं, १४ मध्ये झाकलं जातं. म्हणून थ्रीडीसोबत मापं टाकलेला प्लॅन मागाच. नुसत्या थ्रीडीवर ॲडव्हान्स देऊ नका.

घरच्या घरी करायची एक चाचणी आहे. फोनचा मुख्य कॅमेरा, स्क्रीनवर १एक्स लिहिलेला, साधारण २४ ते २६ एमएमच्या आसपास असतो. दारात उभं राहून फोन आडवा धरा, रिकाम्या खोलीचा फोटो काढा आणि थ्रीडीशेजारी ठेवा. कॅमेऱ्याची जागा साधारण तीच असून समोरच्या भिंतीत मोठा फरक दिसला तर विचारा. ०.५एक्सनं काढू नका, ती लेन्सच १३ च्या आसपास असते.

आता उजेड. चित्रात उत्तरेच्या खिडकीतून सोनेरी ऊन पार पलंगापर्यंत आलेलं असतं. आपल्याकडे ते तसं येत नाही. सूर्य जागेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे ठेवणारं सन पोझिशन नावाचं ॲड-ऑन इन्स्टॉल करून चालू करा, लातूरसाठी अक्षांश १८.४, रेखांश ७६.६ घाला. टाइम झोनला ५.५ टाका, ते शून्य राहिलं तर सूर्य साडेपाच तास चुकतो. आणि घराची उत्तर दिशा जुळवा. आता बघा. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात दुपारी तो क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. ७ फुटांवर दीड फुटाचा छज्जा असेल तर ऊन भिंतीच्या आत साधारण ४ फुटांपर्यंत पोहोचतं. पश्चिमेच्या मोठ्या काचेतून संध्याकाळचं तिरपं ऊन छज्ज्यालाही जुमानत नाही. चित्रात ते सुंदर दिसतं, पण एप्रिलमध्ये त्या खोलीत दुपारी तीननंतर बसवत नाही. पश्चिमेला भिंतभर काच दाखवलेली असेल तर आधी ती बदलून घ्या.

सायकल्समध्ये खोली विनाकारण काळोखी येत असेल तर खिडकीची काच काढून टाका. काचेतून येणारा उजेड त्याला नीट मोजता येत नाही, नुसते ठिपके येतात. भिंतीला पांढरा रंग देताना व्हॅल्यू १ करू नका, ०.८ पुरे, त्याच्या वर गेलात की कोपऱ्यांतली सावलीच नाहीशी होते आणि खोली कागदाची वाटते. फर्निचरच्या कडांना १ ते २ एमएम बेव्हल द्या, म्हणजे धार जराशी मोडा. लॅमिनेटची खरी कड उजेड पकडते, बेव्हल नसेल तर पकडत नाही.

लॅमिनेटच्या शेडबद्दल बरंच काही विचारलंय. ब्लेंडर ४.० पासून एजीएक्स हा व्ह्यू ट्रान्सफॉर्म, म्हणजे स्क्रीनवर रंग कसे दाखवायचे ते ठरवणारी सेटिंग, आपोआप असतो. तो उजेडातले रंग फिके करतो, म्हणून लॅमिनेटच्या नमुन्यांच्या फोल्डरमधली शेड आणि थ्रीडीतली शेड जुळणार नाही. रंग थ्रीडीवरून पास करू नका. फोल्डरमधला तुकडा त्याच खोलीत, दिवसा खिडकीजवळ आणि रात्री दिव्याखाली, दोन्ही वेळा धरून बघा.

आणि कृपा करून पंखा गाळू नका. मराठवाड्यातल्या बेडरूमच्या थ्रीडीत पंखा नसेल तर ते चित्र अर्धवट आहे. ४८ इंची पंखा मध्ये काढा, त्याच्या पात्यांचं ४ फुटांचं वर्तुळ छतावर आखा आणि सगळे स्पॉट लाइट त्या वर्तुळाबाहेर, भिंतींकडे सरकवून ठेवा. दिवा पात्यांच्या वर आला की पंखा चालू असताना खोलीभर उजेड फडफडतो, आणि फॉल्स सीलिंगला भोकं पडल्यावर तो सरकवता येत नाही. कूलरचं पण तसंच. ज्या खिडकीत उन्हाळ्यात कूलर बसणार आहे तिच्यासमोर हेडबोर्ड किंवा टीव्ही युनिट दाखवू नका, आणि त्या खिडकीजवळ खाली प्लग पॉइंट काढा. बाथरूममध्ये काळे नळ आणि काळी चकचकीत टाइल फार मागवली जातेय. बोअरचं पाणी असेल तर क्षारांचे पांढरे डाग त्यावर काही दिवसांतच उठतात. तिथं मॅट आणि फिकट टाइल घ्या, म्हणजे थ्रीडीत जे दिसलं ते वापरात टिकेल.

तुमचं थ्रीडी आमच्याकडून तपासून हवं असेल तर चित्रासोबत चार गोष्टी लिहा: खोलीचं प्लास्टरनंतरचं माप, लेन्सचा आकडा, फरशीचं माप आणि खिडकी कोणत्या दिशेला आहे. चित्र एआयनं काढलेलं असेल तर रिकाम्या खोलीचा १एक्सचा फोटो जोडा, म्हणजे बीम कुठं आहे ते आम्हाला दिसेल.