पगारातून कापलेला फंड

नमस्कार मंडळी. आज फंडाबद्दल बोलायचंय. आता ऑफिसात सगळे पीएफ म्हणतात, पण आमच्या चाळीत गिरणीवाल्यांच्या घरात शब्द एकच होता, फंड. आत्याचं लग्न फंडातून झालं, गावच्या घरावर कौलं फंडातून चढली, आणि माणूस रिटायर झाला की शेजारी पहिला प्रश्न हाच विचारायचे, फंड मिळाला का हो सगळा? म्हणजे आयुष्यभराच्या नोकरीतून हातात काय उरलं त्याचं नावच फंड.

हे सुरू झालं नोव्हेंबर १९५१ मध्ये, आधी वटहुकूम निघाला आणि मग १९५२ चा कायदा आला. सुरुवातीला फक्त सहा उद्योग होते त्यात, सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. कापड म्हणजे आपली मुंबई, आपलं सोलापूर. तेव्हा कामगाराच्या पगारातून सव्वासहा टक्के कापायचे, तेवढेच मालक घालायचा आणि पहिल्या वर्षी व्याज होतं ३ टक्के. आज दोन्हीकडून १२-१२ टक्के जातात आणि २०२४-२५ चं व्याज ८.२५ टक्के आहे. मधली १९८९-९० पासूनची दहा-अकरा वर्षं तर सलग १२ टक्के मिळत होते, त्या काळात रिटायर झालेली माणसं अजून ते सांगतात आणि बरोबरच सांगतात.

आता आकडा ऐका. हा फंड सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडे, म्हणजे ईपीएफओकडे, आज २० लाख कोटींच्या पुढे रक्कम आहे, आणि दर महिन्याला पैसे भरणारे सात कोटींच्या वर लोक आहेत. त्याच्या बाजूला एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, उभी राहिली. केंद्र सरकारच्या नोकरीत १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांसाठी ती आली (सैन्यदलं सोडून), १ मे २००९ पासून कुणालाही उघडी झाली, मे २०१५ मध्ये अटल पेन्शन आलं, आणि एनपीएस आणि अटल मिळून जमा रकमेने ऑगस्ट २०२३ मध्ये १० लाख कोटींचा टप्पा ओलांडला. २००४ च्या आधी यातलं काहीच नव्हतं.

हा एवढा पैसा कपाटात पडून नसतो बरं का. मोठा हिस्सा सरकारी रोख्यांमध्ये जातो, म्हणजे सरकार तुमच्याकडूनच कर्ज घेतं. ऑगस्ट २०१५ पासून ईपीएफओ शेअर बाजारातही थोडं घालायला लागली, नवीन येणाऱ्या पैशातले आधी ५ टक्के, मग १०, मग १५, आणि तेही एकेका कंपनीचे शेअर निवडून नाही, निफ्टी-सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये, म्हणजे त्या यादीतल्या सगळ्या कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेणाऱ्या योजनेत. म्हणजे नाशिकच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट करणारा मुलगा, ज्याने डिमॅट हा शब्द कधी ऐकला नाही, तोसुद्धा आज देशातल्या मोठ्यात मोठ्या कंपन्यांचा बारीकसा भागीदार आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

पण आकडा मोठा म्हणून म्हातारपण सुखाचं होतं असं नाही. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात, पण ते मोजतात १५,००० पगारावरच, तुमचा पगार भले पन्नास हजार असो, म्हणजे महिन्याला १,२५०. आणि पेन्शन कसं काढतात तर पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. वीस वर्षं नोकरी झाली की दोन वर्षं वाढवून धरतात, म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीला पंधरा हजार गुणिले बत्तीस भागिले सत्तर, करा हिशोब, साधारण ६,८५७ रुपये येतात. तीस वर्षं राबल्यावर! आणि कमीत कमी पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे, ते अजून तिथेच आहे. या हजाराविरुद्ध या योजनेचे, म्हणजे ईपीएस-९५ चे, पेन्शनर वर्षानुवर्षं आंदोलन करतायत, सत्तरी ओलांडलेली माणसं मांडवात बसतात, आणि त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

मागच्या नोव्हेंबरात सोलापूरला एका बँकेत गेलो होतो. हयातीचा दाखला द्यायचा महिना, रांगेत माझ्या पुढे एक आजी. आयुष्यभर विड्या वळलेल्या. मशीनवर अंगठा ठेवला, उठेना. पुसला, परत ठेवला, मग तर्जनी, मग दुसरा हात. पानं कापून आणि तंबाखू भरून भरून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. आजी सारख्या म्हणत होत्या, अहो मी जिती हाय की हितं उभी. मग काउंटरवरची मुलगी उठून बाहेर आली, स्वतःच्या मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला करायचं ॲप उघडलं, आजीचा पदर जरा मागे घेतला आणि म्हणाली, आजी, डोळे उघडझाप करा. झालं काम. घरबसल्या अशी सोय आहे, तुमच्या घरी कुणी पेन्शनर असेल तर त्यांना करून द्या, नुसत्या त्या एका दाखल्यासाठी रिक्षाचे पैसे घालवायला लावू नका.

तुम्हाला आठवत असेल, मार्च २०२३ मध्ये आपल्या राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक आठवडाभर संपावर होते, 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही म्हणून तो राग होता. जुन्यात शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन ठरलेली, नव्यात, म्हणजे एनपीएसमध्ये, तेव्हा बाजार देईल ते. कुठली बरी यावर लोक भांडतात, पण मला वाटतं मूळ मुद्दा साधा आहे, म्हातारपणी दर महिन्याला किती येणार हे माणसाला आधी कळायला हवं असतं.

अटल पेन्शनचंही तेच. अठराव्या वर्षी सुरू केलं तर महिन्याला ४२ रुपये भरून साठीनंतर हजाराची पेन्शन, २१० भरले तर पाच हजारांची. आणि बहुतेक लोकांनी हजाराचीच घेतलीय. आता महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर बेचाळीस वर्षांनी त्या हजाराची किंमत आजच्या १३० रुपयांएवढी राहील. घरातल्या पोराचं खातं काढलं असेल तर बँकेत जाऊन रक्कम वाढवून घ्या, वाढवता येते.

आणि मला सगळ्यात जास्त जीव तुटतो तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. नोकरी बदलली की फंड काढून टाकायचा, ही सवय. समजा दहा वर्षं महिन्याला २,००० जमा झाले, ८ टक्क्यांनी साधारण ३ लाख ६० हजार होतात. लोक म्हणतात काढू आणि गाडी घेऊ. तेच पैसे हात न लावता अजून वीस वर्षं तसेच ठेवले, एक रुपया न घालता, तर साडेसोळा लाखांच्या पुढे जातात. आजारपण आलं, घर घ्यायचं असेल तर काढा, तो पैसा तुमचाच आहे. पण नुसती नोकरी बदलली म्हणून नका काढू, तोच यूएएन नंबर, म्हणजे फंडाचा तुमचा कायमचा नंबर, नव्या कंपनीत द्या, जुनं खातं त्याला जोडून घ्या.

फंडाचं पासबुकही बघत जा. पगाराच्या स्लिपवर कपात दिसते म्हणजे पैसे भरलेत असं नसतं. मालकाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. नाही दिसले तर आधी विचारा, नाही ऐकलं तर ऑनलाइन तक्रार टाका, घाबरू नका.

शेवटचं घरचंच सांगतो. माझे वडील अचानक गेले तेव्हा त्यांच्या फंडावर नॉमिनी म्हणून काकांचं नाव होतं, लग्नाआधी भरलेला फॉर्म, पुढे कुणी बदललाच नाही. लग्न झालं की असं नॉमिनेशन कायद्याने रद्दच होतं, म्हणजे कागदावर वारस कुणीच नाही. काका भला माणूस, सह्या करायला आईबरोबर हिंडला, तरी आईला वारसाचे दाखले गोळा करत चौदा महिने फिरावं लागलं आणि त्या चौदा महिन्यांत आमच्या दोघा भावांची फी मामाने भरली. आता हे मोबाईलवरून होतं, आधारचा ओटीपी, बायको-मुलांचे फोटो आणि जन्मतारखा, वीसेक मिनिटं लागतात. मी माझं केलंय. तुम्ही लग्नाआधी नोकरीला लागला असाल तर आज जेवणं झाल्यावर ते पान उघडा आणि तिथे कुणाचं नाव आहे ते बघा.

नमस्कार.