मास्टर कुणाचा, होकार कुणाचा : अनुभवी के-पॉप आयडल आणि त्यांचं एकट्याचं संगीत

मंडळी, के-पॉपच्या, म्हणजे कोरियन पॉप संगीताच्या, बातम्यांत हल्ली एक वाक्य सारखं भेटतं : 'या अल्बमच्या निर्मितीत कलाकाराचा स्वतःचा सहभाग आहे.' सहभाग दोन ओळींच्या रॅपचाही असतो आणि पैसे घालून रेकॉर्डिंगची मालकी घेण्याचाही असतो. बातमीत दोन्हीला एकच शब्द. आज मी बोलणार आहे ते या दोन टोकांमधल्या अंतराबद्दल.

आधी गाणं तयार कसं होतं ते पाहू. मोठ्या कंपनीत ए अँड आर नावाचा विभाग असतो. गाणी शोधणं, मागवणं आणि निवडणं हे त्याचं काम. तो साँग कॅम्प भरवतो : एका खोलीत ट्रॅक, म्हणजे वाद्यांची साथ, बांधणारा एक जण आणि चाल, म्हणजे टॉपलाइन, रचणारे दोघे-तिघे. संध्याकाळपर्यंत डेमो हातात. त्यावर बहुतेक वेळा इंग्रजी शब्द असतात आणि ते गाइड गायकानं, म्हणजे नमुन्यापुरतं गाणाऱ्यानं, म्हटलेले असतात. मग हाच डेमो एकाच वेळी अनेक गीतकारांकडे जातो आणि प्रत्येकाकडून कोरियन शब्द मागवले जातात. चालीत जितकी अक्षरं तितकीच शब्दांत बसली पाहिजेत. वरच्या सुरावर 'आ'सारखा मोकळा स्वर हवा. तिथे व्यंजनानं बंद होणारं अक्षर आलं तर आवाज कोंडतो, आणि कितीही सुंदर ओळ असली तरी ती गळते.

तरुण आयडलला, म्हणजे कंपनीनं घडवलेल्या पॉप कलाकाराला, निर्मितीत शिरायला पहिली वाट मिळते ती इथे, शब्दांत. रॅपरचं जरा सोपं असतं, कारण डेमोमध्ये रॅपची जागा बरेचदा रिकामीच सोडलेली असते. शायनी या गटातल्या जोंगह्यूनचा प्रवास या दृष्टीनं नीट बघण्यासारखा आहे. 2009 मध्ये गटाच्या 'ज्युलिएट' या गाण्याचे शब्द त्याचे होते. 2013 मध्ये त्यानं आययू या गायिकेसाठी 'ग्लूमी क्लॉक' लिहिलं. जानेवारी 2015 मध्ये 'बेस', त्याच वर्षी सप्टेंबरात 'स्टोरी ऑप. 1', आणि 2016 मध्ये 'शी इज' हा पहिला पूर्ण अल्बम, ज्याची गाणी त्यानं स्वतः लिहिली. हे सगळं एसएम या मोठ्या कंपनीतच राहून. कंपनी सोडली तरच स्वातंत्र्य मिळतं, हा हल्लीचा समज त्यामुळे मला फारसा पटत नाही.

पण लिहिण्यानं हातात किती येतं? कोरियातल्या स्ट्रीमिंगचा हिशेब बघा. 2019 पासूनच्या वाटणीनुसार 100 रुपयांपैकी 35 रुपये सेवा पुरवणाऱ्या अ‍ॅपचे. 48.25 रुपये रेकॉर्डिंगच्या निर्मात्याचे. गीतकार, संगीतकार आणि अरेंजर, म्हणजे संगीत संयोजक, या सगळ्यांना मिळून 10.5, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्या सगळ्यांना मिळून 6.25. कोम्का ही तिथली लेखक-संगीतकारांची संस्था ते साडेदहा रुपये साधारणपणे शब्दांना 5/12, चालीला 5/12 आणि अरेंजमेंटला 2/12 असे विभागते. म्हणजे सगळे शब्द एकट्यानं लिहिले तरी 4 रुपये 38 पैसे. सोबत दुसरा गीतकार असला तर त्याच्या निम्मे. साँग कॅम्पमधल्या पाच जणांच्या चालीत सहावं नाव म्हणून शिरलात, तर रुपयाही पुरता येत नाही.

खरा पैसा त्या 48.25 मध्ये आहे आणि तो मास्टरच्या, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच्या, मालकाकडे, म्हणजे रेकॉर्डिंगचा खर्च करणाऱ्या कंपनीकडे जातो. कोरियात हा हक्क प्रकाशनानंतर 70 वर्षं टिकतो. विसाव्या वर्षी गायलेलं गाणं नव्वदीपर्यंत कंपनीचं. करार संपला की माणूस मोकळा होतो, त्याचा गायलेला आवाज नाही.

आता करार. 2009 च्या जुलैत टीव्हीएक्सक्यू या गटातल्या तिघांनी 13 वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात धाव घेतली. त्याच सुमारास तिथल्या निष्पक्ष व्यापार आयोगानं नमुना करार आणला आणि त्यात 7 वर्षांची मर्यादा घातली. म्हणून गटांचं भवितव्य सातव्या वर्षी पणाला लागतं, आणि म्हणूनच एकट्याच्या संगीताच्या अटी बोलायची ताकद कलाकाराच्या हाती साधारण त्याच वेळी येते. त्याआधी मागितलं तर विनंती, त्यानंतर मागितलं तर अट.

ब्लॅकपिंक या चौघींच्या गटानं 2023 च्या डिसेंबरात हीच फट वापरली. गटाचा करार वायजी या कंपनीशी कायम ठेवला, एकट्याची कामं बाहेर नेली. जेनीनं ओए, लिसानं लाउड, जिसूनं ब्लिसू काढली. रोझे द ब्लॅक लेबल या कंपनीकडे गेली. तिघींनी स्वतःची कंपनी काढली एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहिलं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो लिसाचा आरसीए या अमेरिकी कंपनीशी झालेला करार, कारण मास्टरची मालकी तिच्याकडेच राहील असं त्यात जाहीरपणे ठरलं. रोझेनं दुसरी बाजू धरली : मालकीची चर्चा कमी, पण 'रोझी' या अल्बमच्या बाराही गाण्यांत लेखक म्हणून तिचं नाव. प्रकाशनाचे दिवसही पाहा. 'रोझी' 6 डिसेंबर 2024, लिसाचा 'ऑल्टर इगो' 28 फेब्रुवारी 2025, जेनीचा 'रुबी' 7 मार्च 2025, तिन्ही शुक्रवार. अमेरिकी चार्टचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. जी-ड्रॅगन या रॅपरचा 'युबरमेन्श' त्याच फेब्रुवारीत आला, पण मंगळवारी. कोणत्या बाजारासाठी अल्बम बांधलाय हे तारखेवरूनही कळतं, आणि तारीख कोण ठरवतं हाही नियंत्रणाचाच भाग.

स्वतःची कंपनी काढल्यावर काय बिघडतं? पहिली गोष्ट कागदाची. 2014 च्या कायद्यानुसार कोरियात कलाकारांचं व्यवस्थापन करणाऱ्या संस्थेला नोंदणी सक्तीची आहे, आणि एका माणसाच्या कंपनीलाही त्यातून सुटका नाही. नोंदणी नसेल तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 कोटी वॉनपर्यंत दंड. 2025 मध्ये अशा बिननोंदणीच्या कंपन्यांची बरीच नावं एकामागून एक बाहेर आली.

दुसरी गोष्ट उचलीची, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांची. नव्या कंपनीकडे व्हिडिओ, नर्तक, स्टेजचा सेट, कपडे यांचे पैसे नसतात. संगीत-कार्यक्रमांत मिळणारं मानधन नाममात्र, सेटचा खर्च मात्र कलाकाराच्या बाजूला. मग वितरक आगाऊ रक्कम देतो आणि विक्रीतून आधी ती वसूल करतो. वसुली संपेपर्यंत पुढचा अल्बम कधी आणि किती मोठा, यावर वितरकाचं मत चालतं. वितरणाची टक्केवारी म्हणजे बारीक अक्षरातली क्षुल्लक बाब समजू नका. एक्सो या गटातल्या बेकह्यून, चेन आणि शिउमिन यांचा एसएमशी 2024 च्या जूनमध्ये उघड वाद झाला तो नेमका इथे : 5.5 टक्के वितरण शुल्काचं आश्वासन होतं असं या तिघांच्या वेगळ्या कंपनीचं म्हणणं, तर एकट्याच्या कमाईतले 10 टक्के ठरल्याप्रमाणे द्या अशी एसएमची मागणी. तोंडी ठरलेल्या टक्क्याला कोर्टात किती वजन, हे कलाकारानं आधी वकिलाला विचारावं.

तिसरी गोष्ट नावाची. बीस्ट हा गट 2016 मध्ये क्यूब या कंपनीतून बाहेर पडला, पण नाव कंपनीचं. म्हणून 2017 पासून ते हायलाइट झाले. जुनं नाव वापरायची परवानगी 2024 मध्ये मिळाली.

गाण्याच्या बाजूलाही किंमत आहे. 2015 च्या 'चॅट-शायर' या अल्बममध्ये निर्माती म्हणून आययूचं स्वतःचं नाव होतं. त्यातल्या 'झेझे' गाण्यात एका कादंबरीतल्या मुलाचं चित्रण खटकलं म्हणून वाद पेटला, तेव्हा माफी तिलाच मागावी लागली. एरवी अशा वेळी कंपनीचं पत्रक पुढे येतं आणि गायिका मागे राहते. दीड वर्षानं, 'पॅलेट' या अल्बममध्ये, तिनं शीर्षकगीताची चाल पुन्हा स्वतःच केली. यालाच मी नियंत्रण म्हणतो : फजिती आपल्या नावावर येऊनही पुढच्या वेळी होकार आपणच देणं.

बीटीएस या गटातल्या आरएमनं आणखी वेगळी रीत वापरली. 2024 च्या 'राइट प्लेस, राँग पर्सन' या अल्बमसाठी त्यानं कंपनी बदलली नाही, माणसं बदलली. बाल्मिंग टायगर या स्वतंत्र गटाचा सान यॉन क्रिएटिव्ह डायरेक्टर झाला. पैसा, वितरण, वकील बिगहिटचे, म्हणजे त्याच्या कंपनीचे. आवाज ठरवणारे मित्र बाहेरचे. ज्याला हिशेबाच्या वह्या सांभाळायच्या नाहीत त्याच्यासाठी मला ही सगळ्यांत शहाणी वाट वाटते, मात्र कंपनीला तुमची गरज असेपर्यंतच ती खुली असते.

मुंबईत हाइब या कोरियन कंपनीचं कार्यालय 2025 मध्ये उघडलं. इथली मुलं-मुली ऑडिशनला जातील, तेव्हा नाच आणि गळ्याच्या तयारीसोबत पालकांनी करारातली मास्टर, नाव आणि मुदत ही कलमं आधी काढून वाचावीत.

आणि श्रोत्यांना एक सोपं काम. अल्बमच्या पानावर अगदी खाली वर्तुळातलं पी हे चिन्ह असतं. त्यापुढचं नाव रेकॉर्डिंगच्या मालकाचं. तिथे मोठ्या कंपनीचं एकटंच नाव असेल तर एक अर्थ. कलाकाराच्या कंपनीचं नाव आणि त्यापुढे 'एक्सक्लुझिव्ह लायसन्स' असे शब्द असतील, तर मोठी कंपनी भाडेकरू आहे. मग श्रेयनामावली उघडा आणि चालीच्या रकान्यात किती नावं आहेत ती मोजा.