खरवडलेली पानं

नमस्कार मंडळी. आज तिथी कुठली, व्रत कुठलं, हे पंचांगात बघून आपण पोथी काढतो. मध्ययुगातल्या ग्रीक चर्चमध्येही वाचन दिवस बघूनच होई. तिथल्या वाचनग्रंथात शुभवर्तमान, म्हणजे बायबलातली येशूची चरित्रकथा, सलग नसे, दिवसवार असे. पुन्हा सांगतो, सलग नाही, दिवसवार. आरंभ ईस्टरला, योहानाच्या ‘प्रारंभी शब्द होता’ या ओळीनं.

असा एक वाचनग्रंथ केंब्रिजला आहे, कोडेक्स झाकिंथियस. बाराव्या-तेराव्या शतकातल्या लेखनिकानं त्यासाठी इसवी सन 700च्या सुमाराची, लूकाच्या शुभवर्तमानाची चर्मपत्रावरची पोथी घेतली. तिची शाई खरवडली, पानं फिरवून दुमडली आणि वर नवं लिहिलं. पाटी पुसून लिहावं तसं.

ही पोथी इंग्लंडात कुणी नेली, तो किस्सा मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर 1808, कोची. त्रावणकोरचे दळवा, म्हणजे दिवाण, वेलू तंपी आणि कोचीचे पालियत अच्चन, दोघांची माणसं रात्री इंग्रज रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या, घरावर चालून आली. घर धुंडाळलं, पण साहेब हाती लागला नाही. तो निसटून इंग्रजांच्या जहाजावर पोचला होता! नाव कॉलिन मेकॉले. तरुणपणी श्रीरंगपट्टणच्या कैदेतूनही हा गडी जिवंत परतलेला. आणि हो, ज्याच्या नावानं आपण शिक्षणाबद्दल बोटं मोडतो, त्या मेकॉलेचा हा सख्खा काका. (बोटं मोडा हवी तर, पण घरातल्या दस्तांची मोडी आज आपल्याला वाचता येत नाही, त्याला काय तो एकटाच जबाबदार?)

असो. तर हे काका हिंदुस्थान सोडून गेले आणि 1820 साली ग्रीसजवळच्या झाकिंथोस बेटावर एका सरदारानं त्यांना ही पोथी भेट दिली. पुढच्याच वर्षी त्यांनी ती लंडनच्या बायबल सोसायटीला देऊन टाकली. 1861 साली ट्रेगेलिस या विद्वानानं खालचा लूक छापला. पण लूकाच्या चहूबाजूंनी बारीक अक्षरात भाष्य होतं, जुन्या आचार्यांची वचनं, ती डोळ्यांना दाद देईना.

2014 साली केंब्रिज विद्यापीठानं 11 लाख पौंड मोजून पोथी घेतली. मग वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात एकेका पानाची अनेक छायाचित्रं काढली. वरची शाई मागे सरली, खालची पुढे आली. खालची, लक्षात घ्या, खरवडलेली.