सहा मिलिमीटरचा पिवळा थर

(पडद्यावर: पाण्याने भिजलेला दगड, अगदी जवळून)

हा दगड नीट बघा. वर सायीच्या रंगाचा थर, सहा मिलिमीटरचा. खाली काळा दगड. मधोमध थोडा खोलगट झालाय, वरवंटा फिरून फिरून पाटा झिजतो तसा. कुणा न्हाव्याने वर्षानुवर्षं यावर वस्तऱ्याला धार लावली, त्याची ही झीज.

याचं नाव कोटिक्यूल. बेल्जियममधल्या आर्देनच्या डोंगराळ भागात, साल्म नदीच्या खोऱ्यात, व्हिएलसाल्म गावाच्या आसपास तो सापडतो. सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी बसलेला गाळ पुढे दबून, तापून हा खडक झाला. पण मिळतो तो चिमूटभर. निळ्या-जांभळ्या खडकातून त्याच्या शिरा धावतात, कुठे काही मिलिमीटरच्या, कुठे काही सेंटिमीटरच्या. आपल्याकडे शेताच्या प्रत्येक तुकड्याला नाव असतं, तशी खाणीतल्या माणसांनी या शिरांनाही नावं दिली होती. ला व्हेनेट, ला ड्रेसांत, आणि ला ग्रोस ब्लांश, म्हणजे थोरली पांढरी.

थर पातळ आणि ठिसूळ, म्हणून तो शाळेच्या पाटीसारख्या काळ्या दगडावर चिकटवून विकत. काही तुकड्यांत मात्र पिवळा आणि निळा खडक जन्मापासूनच जोडलेले असतात. कडेची रेघ सरळसोट असेल तर जोड बहुधा माणसाचा. नागमोडी असेल तर डोंगराचा.

धार लावतात ते यातले गार्नेटचे कण. आपला गोमेद याच कुळातला. एकेक कण साधारण 5 ते 20 मायक्रॉनचा, आणि आपला केस असतो 70 मायक्रॉनच्या आसपास. कणांना टोकदार सुळे नसतात, बरेच पैलू असून ते गोलसर असतात. त्यामुळे पोलादावर ओरखडा उमटतो तो उथळ. कोटिक्यूलवरच्या धारेने दाढी मऊ होते असं जुने जाणकार सांगतात, त्याचं कारण मला इथेच दिसतं.

(पडद्यावर: दोन हात, दगड, वस्तरा)

दगडावर थोडं पाणी. त्यावर कोटिक्यूलचाच छोटा तुकडा घासायचा. सहाणेवर चंदन उगाळावं तसं दुधी गंध सुटतं. वस्तरा सपाट ठेवायचा, पाठही दगडाला टेकलेली आणि धारही. कोन हाताने सांभाळावा लागत नाही, पात्याच्या घडणीतच तो आहे. धार पुढे करून सरकवायचं, टोकाला पोचलं की पाठीवरून उलटवायचं आणि मागे यायचं. दाब जवळजवळ नाहीच.

मग थेंब थेंब पाणी वाढवायचं. गंध पातळ होत जातं, शेवटी नुसतं पाणी उरतं. सुरुवातीची खसखस विरते आणि पातं दगडाला बिलगल्यासारखं ओढ घेऊ लागतं. ती ओढ आधी बोटांना कळते. एकाच दगडाने आधी खरवडायचं काम करावं आणि नंतर झिलईचंही, हे मला फार मोठं वाटतं. त्यानंतर चामड्याचा पट्टा. तिथे पाठ पुढे आणि धार मागे.

1903 मध्ये जिलेटचा सेफ्टी रेझर बाजारात आला. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकी सैनिकांच्या सामानात गेला, आणि पुढे घरोघरी वस्तरा मागे पडला. आर्देनमधल्या खाणी एकेक करून थांबल्या. आज साल्मशाटो गावात या दगडाचं संग्रहालय आहे.

जुने दगड अजून हाताला लागतात, काहींवर ‘ओल्ड रॉक’ अशी कागदी चिठ्ठीही टिकून असते. असा दगड मिळाला तर आधी सपाट करावा लागतो, कारण खोलगट दगडावर वस्तऱ्याची धार सगळीकडे सारखी टेकत नाही. पण जपून. पेन्सिलीने वर आडव्या-उभ्या रेघा मारा. काचेवर ओला वॉटर पेपर पसरा आणि दगड पालथा घालून हलक्या हाताने फिरवा. कडेच्या रेघा आधी पुसल्या जातात, मधल्या सर्वांत शेवटी.

शेवटची रेघ गेली. हात थांबला. आता थर पुन्हा मोजू या.

पाच मिलिमीटर शिल्लक आहे.