सेवा दाराशी, बोलणं दोघींपुरतं

(दृश्य: पार्लरमागची छोटी खोली. टेबल, दोन खुर्च्या, जाड पडदा.)

पार्लर, शिवणवर्ग, वसतिगृह, वाचनालय. तरुण मुली एरवीही जिथे जातात, तिथेच गर्भनिरोधक सेवा दिली की "तिकडे कशाला गेली होतीस?" हा प्रश्न उरत नाही. तरीही मुली फिरकल्या नाहीत, तर आधी खुर्च्या कशा मांडल्यात ते पाहावं. रांगेतल्या बाईला टेबलापाशी चाललेलं बोलणं ऐकू येत असेल, तर साठा कितीही असून उपयोग नाही. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक असावा, आणि पिशवी साधी, कोरी. फोन कधी करायचा, दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं, हेही तिलाच विचारून ठरवायचं.

कंडोम, गोळ्या किंवा इंजेक्शन सुरू करायला आतली तपासणी लागत नाही. "पाळी आली की या" असं सांगून परत पाठवणं तर निव्वळ नुकसानीचं. दरम्यान दिवस राहू शकतात. त्याऐवजी काही प्रश्न विचारायचे. पाळी गेल्या 7 दिवसांत सुरू झाली का? पाळीनंतर संबंध आलेलाच नाही का? भरवशाचं साधन नियमित वापरते आहे का? एकाचं उत्तर जरी "हो" आलं आणि गरोदरपणाची लक्षणं नसली, तर त्याच दिवशी सुरुवात करता येते.

संयुक्त (दोन हार्मोनच्या) गोळ्यांआधी मात्र बीपी मोजायचंच. ते 140/90 किंवा जास्त असेल, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी रेघा चमकत असतील, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, किंवा सहा महिन्यांच्या आतलं बाळ मुख्यतः अंगावर पीत असेल, तर दुसरं साधन सुचवायचं.

(दृश्य: इंजेक्शनचं छोटं उपकरण, जवळून.)

हे कातडीखाली घ्यायचं डीएमपीए, म्हणजे तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन. औषध 104 मिलिग्रॅम, द्रव 0.65 मिलिलिटर, सुई जोडलेलीच. शिकवल्यावर मुलगी ते स्वतःही घेऊ शकते. आधी सुमारे 30 सेकंद जोरात हलवायचं, कारण औषध तळाशी बसतं. मग सुई वर धरून टोपण आत दाबायचं, टोपण आणि उपकरण यांच्यामधली फट पूर्ण बंद होईपर्यंत. नवशिक्यांचं चुकतं ते इथेच: फट राहिली तर कितीही दाबा, औषध बाहेर येत नाही. पोटाची किंवा मांडीच्या पुढच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सुई पूर्ण आत घालायची आणि उपकरणाचा औषध भरलेला फुगा 5 ते 7 सेकंद हळूहळू दाबायचा. थोडा द्रव आत राहिला तर चालतं. जागा चोळायची नाही. सुईला टोपण परत लावायचं नाही. उपकरण थेट अशा झाकणाच्या डब्यात, ज्यातून सुई आरपार जात नाही.

सुई टोचणं जमतं. अवघड असतं त्यानंतरचे तीन महिने. अवेळी डाग पडतात, कधी जास्त दिवस अंगावरून जातं, पुढे पाळीच बंद होते. हे आधी सांगितलं नसेल तर मुलगी घाबरते आणि परत येत नाही. पाळी थांबली म्हणजे रक्त आत साठत नाही, हे न विचारताही सांगावं. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला इतर साधनांपेक्षा सरासरी चार महिने जास्त लागतात. लवकरच मूल हवं असेल तर तिने हे ऐकूनच निवड करावी.

पुढची तारीख 13 आठवड्यांनी. चार आठवडे उशीर झाला तरी इंजेक्शन देता येतं. त्याहून उशीर झाला, तर गर्भ नसल्याची खात्री करून द्यायचं आणि 7 दिवस कंडोम.

संयुक्त गोळ्यांचं दुखणं वेगळं: विसर. एक चुकली तर आठवताच घ्यायची, लागोपाठ दोन चुकल्या तर शिवाय 7 दिवस कंडोम. आपत्कालीन लेव्होनॉर्जेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅमची एकच गोळी, संबंधानंतर जितक्या लवकर तितकी बरी; दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. एचआयव्ही आणि गुप्तरोगांपासून यातलं फक्त कंडोम वाचवतं. त्याला तेल किंवा व्हॅसलीन लावलं की रबर कमजोर होऊन फाटतं.

तांबी आणि दंडात कातडीखाली बसवायची गर्भनिरोधक कांडी या खोलीत बसवायच्या नाहीत; त्यासाठी प्रशिक्षित हात आणि निर्जंतुक साहित्य हवं. पण नुसती चिठ्ठी देऊन पाठवलं की बऱ्याच जणी वाटेतच गळतात. कुठे, कोणत्या वारी, कुणाला भेटायचं ते ठरवून द्यावं, आणि तोवर वापरायला कंडोम किंवा गोळ्या तिच्या हातात असाव्यात.