पूर्ण, म्हणजे भरलेलं

(चोपडा तालुका. पहाट. केळीची बाग.)

घड कापणारा आल्या आल्या विळा चालवत नाही. आधी फणीवरून बोट फिरवतो. केळ्याच्या कडा बोटाला लागतात. अजून गोलाई आलेली नाही. "भरेल नही आजून," म्हणतो नि पुढच्या झाडाशी जातो. मग जो घड उतरवतो त्याची एक फणी पानाने घासून काळपटली आहे. पण घड भरलाय.

(भुसावळ. रविवारची उपासना.)

चर्चचे पाळक बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, पाचव्या अध्यायातलं 48वं वचन वाचतात. येशूचं वाक्य. जसा तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे, तसे तुम्ही पूर्ण व्हा.

ऐकून पोटात गोळाच यावा. पूर्ण म्हटलं की आपल्याला शंभरपैकी शंभर मार्क दिसतात, लाल रेघ नसलेली वही दिसते. मूळ ग्रीक शब्द आहे 'तेलेइओस'. 'तेलोस' म्हणजे शेवट, एखादी गोष्ट ज्यासाठी आहे ते ठिकाण. तिथवर पोचलेलं ते तेलेइओस. वयात आलेल्या, प्रौढ माणसालाही हाच शब्द.

आणि तीनच वचनं आधी काय आहे? देव सूर्य उगवतो तो चांगल्यावाइटांवर सारखाच. पाऊसही दोघांवर पाडतो. बांधावरून ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या तारखा चालू आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मृगाचा पाऊस गट नंबर विचारत नाही. शत्रूवर प्रीती करा, हा तिथला विषय. लूकच्या शुभवर्तमानात तर या जागी 'पूर्ण' नाहीच, 'दयाळू व्हा' असं आहे.

तरी शब्दाने माणसं हलली. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अँथनी नावाच्या तरुणाने चर्चमध्ये येशूचं आणखी एक वाक्य ऐकलं: पूर्ण व्हायचं असेल तर आहे ते विकून गरिबांना दे. घरची तीनशे अरूरा सुपीक जमीन, आपल्या मापाने दोनशे एकरांच्या आसपास. त्याने ती गावकऱ्यांना देऊन टाकली आणि पुढे वाळवंट गाठलं. त्या मुलाच्या भाऊबंदांचे चेहरे मला फार बघावेसे वाटतात. पुढे अँथनी ख्रिस्ती संन्याशांचा आदिपुरुष ठरला. पण वाळवंटातल्या पितरांच्या, म्हणजे तिथे राहिलेल्या जुन्या संन्याशांच्या, वचनसंग्रहात एक गोष्ट आहे. त्याला दर्शन झालं की तुझ्या तोडीचा एकजण शहरात राहतो. कोण? एक वैद्य. गरजेपुरतं ठेवून उरलेलं गरिबांना देणारा.

इंग्लंडचा धर्मोपदेशक जॉन वेस्ली पूर्ण होणं म्हणजे काय याच प्रश्नावर आयुष्यभर वाद झेलत राहिला. 1766 साली त्याने त्यावर पुस्तकच काढलं. त्याचं म्हणणं, पूर्णता म्हणजे मनात प्रीतीशिवाय दुसरं काही न उरणं. अज्ञान राहील, चुका होतील, शरीर थकेल. टीकाकारांना तेवढ्यानेही पटलं नाही.

चौथ्या शतकातला बिशप, निस्साचा ग्रेगरी, त्याही पुढचं बोलून गेला होता. देवाला अंत नाही, मग त्याच्याकडे जाण्यालाही नाही. वाढत राहणं हीच माणसाची पूर्णता. इथे माझी केळीची उपमा तुटते. केळी भरली की कापतात.

(पुन्हा बाग. ऊन चढलं आहे.)

उतरवलेले घड पानांवर ओळीने ठेवलेत. मागे सोडलेल्या झाडांवर कुणी खूण केलेली नाही. त्याला ती लक्षात आहेत. आठवडाभराने तो पुन्हा येईल, पुन्हा बोट फिरवील.