हात मांडीवर, नजर कोपऱ्यात

(दृश्य : पटाचा कोपरा, अगदी जवळून. काळ्या-पांढऱ्या सोंगट्या.)

हा गो, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावरच्या रेघांच्या छेदबिंदूंवर खेळायचा घेराबंदीचा खेळ. सगळे मोकळे बिंदू भरले गेले की घेरलेल्या सोंगट्या मरतात. इथे पांढऱ्यानं काळ्याला कोपऱ्यात घेरलंय. बाहेर पडायला वाट नाही. आत तीन बिंदू मोकळे आहेत, एका ओळीत. खेळी काळ्याची.

(दृश्य : काळी सोंगटी मधल्या बिंदूवर.)

मधला बिंदू घेतला आणि दोन्ही बाजूंना एकेक घर उरलं. गोमध्ये त्यांना डोळे म्हणतात. दोन डोळे झाले की गट अमर. दोन्ही घरं एका खेळीत भरता येत नाहीत आणि एखाद्यात घुसावं तर घुसणारी सोंगटीच मरते. आता हाच मधला बिंदू पांढऱ्यानं आधी घेतला असता तर? काळ्याचा अख्खा गट गेला असता. सोंगट्या पटावर तशाच बसलेल्या दिसतात, पण त्या मेलेल्या असतात.

(दृश्य : पुस्तकाची पानं. एकामागून एक आकृत्या.)

अशी कोडी हजारोंनी आहेत. जपानीत त्यांना त्सुमेगो म्हणतात. एका पानावर चार-सहा आकृत्या आणि सूचना जेमतेम एका ओळीची : काळ्यानं खेळून जगावं, किंवा काळ्यानं खेळून मारावं. अख्खा पट एकोणीस बाय एकोणीस रेघांचा, 361 बिंदूंचा. पुस्तक मात्र बहुतेक वेळा एक कोपराच कापून घेतं. कोपऱ्यात दोन बाजूंना पट संपतो, सोंगट्यांना मोकळे बिंदू कमी मिळतात, त्यामुळे पटाच्या मध्यावर बिनधोक चालणारी खेळी इथे अंगाशी येते.

(दृश्य : मुलगा पुस्तकासमोर. हात मांडीवर. बराच वेळ काहीच हलत नाही.)

हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय. इथे काही घडत नाहीये असं वाटेल, पण सगळं इथेच घडतंय. मी इथे, तो तिथे, मी परत इथे. सोंगटीला हात न लावता तो ही साखळी मनात लावतोय. आधी बाहेरून जागा आवळून पाहायची. नाही जमलं तर आत घुसून मर्माचा बिंदू शोधायचा. तेही नाही, तर एक सोंगटी मुद्दाम मरायला टाकायची आणि समोरच्याचा डोळा खोटा ठरवायचा, म्हणजे दिसायला डोळा, पण टिकणारा नाही.

आपली खेळी सगळ्यांनाच सुचते. समोरच्याची सर्वांत त्रासदायक खेळी शोधताना मात्र माणूस हळूच लबाडी करतो. पांढरा आपल्या सोयीचं खेळेल असं धरतो, आणि कोडं ‘सुटतं’. ही लबाडी पुस्तक पकडून देतं, पण एका अटीवर : उत्तर शेवटी बघायचं. साखळी पूर्ण झाल्यावर, पांढऱ्याचे सगळे पळ काढायचे मार्ग बंद केल्यावर.

(दृश्य : पटावर चार काळ्या सोंगट्या उचलल्या जातात. रिकामी जागा. त्यात पुन्हा काळी सोंगटी.)

आता हे बघा. काळ्यानं स्वतःच्या चार सोंगट्या मारू दिल्या. पांढऱ्यानं त्या उचलल्या. आणि रिकाम्या झालेल्या त्याच जागेत काळा परत खेळला. आता पांढऱ्याच्या सोंगट्या अटारीत, म्हणजे एका खेळीत मरतील अशा. पटावर हे दिसायला सोपं. पुस्तकात ते महाकठीण, कारण ज्या सोंगट्या आकृतीत ठळक छापल्यात त्या उचलल्या गेल्यात, तिथे आता मोकळं मैदान आहे, असं डोळ्यांना पटवून द्यावं लागतं.

(दृश्य : जुन्या पुस्तकांची पुनर्मुद्रणं.)

ही परंपरा जुनी आहे. चीनमधला शुआनशुआन चीजिंग हा संग्रह चौदाव्या शतकातला. त्यातल्या कोड्यांना नावं आहेत, जुन्या कथा-इतिहासातून घेतलेली. जपानमध्ये गो शिकवणारी चार घराणी होती. त्यांपैकी हायाशी घराण्याच्या गेन्बी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला 520 कोड्यांचा संग्रह काढला, तो आजही सरावाला वापरतात. इनोऊए घराण्याचे प्रमुख दोसेत्सु इनसेकी यांचं हात्सुयोरोन हे कोड्यांचं पुस्तक 1713 चं. ते घराण्यातल्या शिष्यांसाठी होतं. त्यातलं 120 क्रमांकाचं कोडं सगळा पट व्यापतं. विसाव्या शतकात जपानचे व्यावसायिक गो खेळाडू फुजिसावा हिदेयुकी यांनी शिष्यांना घेऊन त्यावर काम केलं, आणि अलीकडे कटागो हा गो खेळणारा संगणक-कार्यक्रमही त्याच्यामागे लावला गेला. नवशिक्यानं मात्र या पुस्तकाच्या वाटेला जाऊ नये. फोटोपुरतं ठीक आहे.

चो चिकुन सहा वर्षांचे असताना कोरियातून जपानला आले आणि पुढे अव्वल खेळाडू झाले. त्यांच्या जगण्या-मरणाच्या कोशाचा पहिलाच भाग 900 कोड्यांचा आहे, आणि बहुतेकांना तेवढा कितीतरी महिने पुरतो.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. बोट पटापट टेकतंय. लाल खूण, लाल खूण, हिरवी खूण.)

हेही कोडी सोडवणंच म्हणतात. बोट टेकवलं, चुकलं, शेजारी टेकवलं, चुकलं, तिसऱ्यांदा बरोबर. पडद्यावर टिकमार्क आला, डोक्यात काहीच शिरलं नाही. आणि प्रतिस्पर्ध्याचं उत्तर यंत्रच देतं, म्हणजे जे शिकायचं तेच दुसऱ्यानं करून टाकलं. मोबाइल वाईट नाही. पहिल्या खेळीआधी शेवटची खेळी दिसत असेल तर खुशाल वापरा.

(दृश्य : स्पर्धेचं सभागृह. घड्याळं. सोंगटी ठेवल्याचा आवाज.)

डावात कुणी सांगत नाही की इथे कोडं आहे. सेकंद मोजले जात असतात, आणि ओळखीचा आकार दिसला तर दिसला. सोलमध्ये मार्च 2016 मध्ये आल्फागो या संगणक-कार्यक्रमानं कोरियाचे अव्वल खेळाडू ली सेडोल यांना 4–1 हरवलं, तरी कोड्यांची पुस्तकं कुणी टाकून दिली नाहीत.

(दृश्य : मुलगा पुस्तक उलटं धरतो.)

पुस्तक निवडताना पाचातली चार कोडी मिनिटाभरात सुटतील असंच घ्यावं. अवघड घेतलं की हात उत्तरांच्या पानाकडे जातोच. आणि संपलं की तेच पुन्हा पहिल्यापासून. या फेरीत त्यानं पुस्तक उलटं धरलंय, म्हणजे पाठ झालेली आकृती ओळखू येत नाही, कोपरा परत नव्यानं वाचावा लागतो. तिसऱ्या फेरीत तो काळ्याच्या जागी पांढरा धरेल.